पटावर एक नाव

माघ सरत आला की आमच्या फलटण तालुक्यात लहान मुलं असलेल्या घरांत एकच विषय निघतो: पोराला कुठं घालायचं? यंदा तो आमच्या घरात निघाला. लेक अंगणवाडीत रमलेली होती. ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण होत असतील, तर त्या जूनमध्ये पहिलीला नाव घालता येतं, असा राज्याचा नियम आहे. त्या हिशेबानं तिची वेळ आली होती.

मी फलटणला औषधाच्या दुकानात काम करते. काउंटरवर दिवसभर आया येतात, म्हणून त्यांनाच विचारायला लागले. प्रत्येकीनं वेगळ्या शाळेचं नाव सांगितलं आणि कारण मात्र सगळ्यांचं एकच होतं, "चांगली आहे हो." चांगली म्हणजे काय, हे कुणाला सांगता येईना, आणि नेमकं काय विचारावं हे मलाही उमगेना. औषधाच्या पाकिटावर घटक, मात्रा, मुदत सगळं छापलेलं असतं, शाळेवर तसलं काही नसतं. एका बाजूला फीचा आकडा, दुसऱ्या बाजूला लोकांचं मत, आणि मधे आपलं पोर.

पहिला गोंधळ तर शाळांच्या प्रकारांचाच. सरकारी आणि खासगी, एवढी दोनच खाती माझ्या डोक्यात होती. चौकशी केल्यावर यादी वाढत गेली. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची, खासगी पण अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, आणि २०१२ च्या कायद्यानंतर आलेली स्वयंअर्थसहाय्यित. त्यावर आणखी स्टेट बोर्ड की सीबीएसई, मराठी माध्यम की सेमी की पूर्ण इंग्रजी. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आमच्याच जिल्ह्यातल्या काले गावात काढलेली ही संस्था. वडील आजही तिला सरकारी शाळाच समजतात, कारण फी नव्हती आणि मास्तरांचा पगार सरकारातून यायचा. ती खासगी अनुदानित, हे कळायला मला या वयात शाळा शोधायला बाहेर पडावं लागलं.

नवरा म्हणाला, "आधी इंग्लिश मीडियम बघून येऊ." तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत गेलो. नाव सांगत नाही. इमारत देखणी, फाटकाशी पिवळ्या बस, आत वर्गावर्गात मोठे पडदे. कार्यालयात आम्हाला एक छापील कागद दिला. त्यात प्रवेश फी, सत्र फी, बस, उपक्रम, गणवेश, पुस्तकं असे रकाने होते आणि त्यांची बेरीज आमच्या घरातल्या एका माणसाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी होती. मग आम्हा दोघांचं शिक्षण विचारलं, घरी इंग्रजी कोण बोलतं ते विचारलं. मुलीला समोर बसवून रंगांची नावं इंग्रजीतून विचारली. ती गप्प राहिली. रंग तिला सगळे येतात, पण मराठीत. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची अशी चाचपणी करायला बंदी आहे, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. लेक परत येताना बसमध्ये माझ्या कुशीत तोंड खुपसून बसली होती, आणि मला राग कुणावर काढावा ते सुचत नव्हतं.

तिथं मी एक प्रश्न मात्र विचारला होता. पहिली संपताना मुलाला काय काय यायला हवं? उत्तर आलं, "आमच्याकडे सीबीएसई पॅटर्न आहे, मॅडम." मी पुन्हा विचारलं, तेव्हा नृत्याच्या वर्गाची माहिती मिळाली.

तोच प्रश्न घेऊन मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. घरापासून चालत जायच्या अंतरावर. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मी गेले तेव्हा बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या आणि गुरुजी एकटेच दोन्ही खोल्यांमध्ये फिरत होते. या खोलीत पाढे लावून द्यायचे, त्या खोलीत जाऊन फळ्यावर उतारा लिहायचा, मधेच पोषण आहाराची खिचडी चाखून वहीत नोंद करायची. दारातून हे बघताना माझं मन खट्टू झालं. एकाच माणसानं चार इयत्ता कशा सांभाळायच्या?

गुरुजींना वेळ मिळाला तेव्हा मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी कपाटातून एक कागद काढला. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत नावाचं अभियान सुरू केलं, त्याची उद्दिष्टं त्यावर होती. पहिलीच्या अखेरीस मुलानं चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचायचं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचायच्या-लिहायच्या. दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंत संख्या, आणि मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचायचे. तिसरीत किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंत संख्या. २०२६-२७ पर्यंत देशातल्या प्रत्येक मुलानं तिसरी संपेपर्यंत इथवर यायचं, असं ठरवलेलं आहे.

मी तो कागद दोनदा वाचला. इतके दिवस मी जे शोधत होते ते इथं लिहून ठेवलेलं होतं, साध्या आकड्यांत, कुठल्याही आईला घरी पडताळून बघता येईल असं. आणि ते मला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित शाळेच्या कपाटात मिळालं.

"आपल्या शाळेत किती मुलांना हे येतं?" मी विचारलं.

गुरुजी थोडं थांबले. मग त्यांनी एकेका मुलाचं नाव घेऊन सांगितलं, कोण वाचतं, कोण अडखळतं, कोणाला अजून जोडाक्षरं जमत नाहीत. "वहिनी, मागं राहिलेल्यात दोन पोरं ऊसतोडीची आहेत. दिवाळीनंतर आली. गाळप संपलं की टोळी परत जाईल. तोवर जेवढं होईल तेवढं करतो."

आमचा भाग उसाचा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात, पालं पडतात, आणि त्यांतली मुलं वर्षाच्या मधेच दारात उभी राहतात. कायद्यानं त्यांना कधीही घ्यावं लागतं. जिल्हा परिषदेची शाळा त्यांना घेते. जी शाळा सहा वर्षांच्या पोरीला रंगांची इंग्रजी नावं विचारून पारखते, तिच्या निकालाशी या शाळेच्या निकालाची तुलना कशी करायची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

घरी आल्यावर मला चैन पडेना, म्हणून मी शेजारपाजारच्या मुलांना जमवून एक उद्योग केला. प्रथम संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात कार्यकर्ते खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात, वजाबाकी आणि भागाकार घालतात. पद्धत इतकी सोपी की ओसरीवर बसूनही करता येते. मी बालभारतीचं दुसरीचं पुस्तक घेतलं आणि तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला बसवलं.

इंग्रजी शाळेतला एक मुलगा त्याचं स्वतःचं पुस्तक घडाघडा वाचत होता. आवाज खणखणीत, उच्चार माझ्यापेक्षा चांगले. "यात काय झालं ते सांग," म्हटल्यावर मात्र त्याला एकही वाक्य सांगता आलं नाही. मराठीचं पान पुढं केलं तर तो अक्षरं जुळवत बसला. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक मुलगी गोष्ट अशी वाचत गेली की तिची आजी काम टाकून ऐकायला आली. तिला भागाकार जमला नाही. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाला शब्दसुद्धा वाचता आले नाहीत, त्यानं मान खाली घातली आणि मी पुस्तक मिटलं. आणि इंग्रजी शाळेतल्याच एका मुलीला मराठी, इंग्रजी, गणित सगळं उत्तम येत होतं. तिची आई पदवीधर आहे, रोज संध्याकाळी तिला घेऊन बसते.

एका ओसरीवरच्या पाच-सहा मुलांवरून कुठल्याही शाळेची किंमत करता येत नाही, हे मला कळतं. पण पुढे ‘असर’चे आकडे वाचले तेव्हा त्यांत मला ती ओसरी दिसली. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होतं. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर गेलं. सुधारणा आहे आणि तिचं मोल आहे. तरी चारांतल्या तिघांना वाचता येत नाही, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. खासगी शाळांची मुलं सरासरीनं पुढे दिसतात, हेही त्यात आहे. पण आईवडिलांचं शिक्षण, घरची ऐपत, शिकवणी हे हिशेबात धरलं की ते अंतर बरंच कमी होतं. म्हणजे आपण फी भरून जे विकत घेतोय असं समजतो, त्यातला मोठा भाग आपण घरूनच नेलेला असतो.

सरकार शाळांची माहिती ठेवत नाही असं नाही. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यातल्या शाळांचा २७ नं सुरू होतो. तो टाकला की खोल्या किती, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह आहे का, वीज आहे का, हे मोबाइलवर दिसतं. मी आमच्या शाळेचं पान उघडलं. सगळं होतं. मुलं वाचतात का, एवढंच नव्हतं. ते गुरुजींच्या डोक्यात होतं आणि मी विचारलं म्हणून मला कळलं. इतर पालकांनी विचारलंच नव्हतं, आणि सांगायला कुणी आलंही नव्हतं.

आमच्या वाडीतल्या एका वहिनींना पंचवीस टक्क्यांतून खासगी शाळेत जागा मिळाली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशवर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या, फी सरकार शाळेला देणार. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा आपल्या राज्यात एक लाख रुपये, आमचं त्याच्या वर जातं, म्हणून आम्ही त्यात बसत नाही. वहिनींना ऑनलाइन सोडतीत नंबर लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. नंतर बसचा, वह्यांचा, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा खर्च येत गेला आणि त्यांनी गळ्यातलं मोडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. ते बरं झालं. गरिबाच्या पोरासाठी उघडलेलं दार असं गुपचूप लावून घेणं चूकच होतं. पण त्या निमित्तानं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सोडतीनं काही मुलं बाहेर पडतात, पैशानं काही पडतात. जी मागे राहतात त्यांच्या शाळेकडे कोण बघतं?

याचं उत्तर मला गुरुजींनी एका दुपारी सांगितलं, आणि या सगळ्या खटाटोपात मला जे कळलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. "वहिनी, पट टिकला पाहिजे," ते म्हणाले. ३० सप्टेंबरला शाळेच्या पटावर किती मुलं आहेत त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिक शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. पण पट घसरत वीसच्या आसपास आला की दुसऱ्या शिक्षकाच्या पदावर प्रश्नचिन्ह लागतं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तर कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा प्रस्ताव पुढे आला होता. आमच्या शाळेचा पट त्या रेषेपासून फार लांब नाही.

मी मनाशी ते चक्र मांडून बघितलं. चार शिकलेल्या घरांनी मुलं काढली की पट उतरतो. पट उतरला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की एकाच खोलीत चार इयत्ता. ते बघून आणखी दोन घरं मुलं काढतात. शेवटी राहतात ती पालांतली आणि शेतमजुरांची मुलं, ज्यांच्या आया तक्रार करायला येऊ शकत नाहीत, कारण त्या दिवशी मजुरी बुडते. शाळा निवडणं ही माझ्या घरापुरती गोष्ट आहे असं मी धरून चालले होते. ती तशी नाही. माझ्या लेकीचं नाव जिथं पडेल, तिथल्या इतर मुलांना शिक्षक मिळणार की नाही हेही थोडंफार त्यावर ठरतं.

याचा अर्थ असा नाही की पोरीला गावासाठी पणाला लावायचं. नवऱ्यानं हेच विचारलं, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. "इंग्रजी नाही आलं तर उद्या तिनं कुणाकडं बघायचं? तू का मी?" तो दूध संकलन केंद्रावर काम करतो. इंग्रजी येत नाही म्हणून त्याची एक बढती गेली, ते त्याच्या मनातून जात नाही. मी त्याला म्हटलं, इंग्रजी तर २००० सालापासून राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासूनच आहे, आणि आपली शाळा सेमी आहे. तो म्हणाला, "आहे म्हणजे शिकवतात का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक दिवस वर्गाच्या मागं बसलो. बाई मुलांना इंग्रजीतून सूचना देत होत्या, मुलं उठत होती, बसत होती, खिडकी दाखवत होती. तासभरानं नवरा म्हणाला, "ठीक आहे." त्याच्याकडून एवढं पुष्कळ.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "गुरुजी चांगले हायेत, पर बदली झाली म्हंजे?" त्यांच्या बोलण्यात सगळ्या जिल्हा परिषद शाळांचं दुखणं आलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले, तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. मलाही वाटला. पण चांगली शाळा म्हणजे चांगला गुरुजी नशिबानं मिळणं, असं असून चालणार नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. ३ जानेवारीला अंगणवाडीतल्या पोरी नऊवारी नेसून, कपाळावर कुंकू लावून सावित्रीबाई होतात, माझी लेकही झाली होती. त्या वारशाचा हक्क सांगायचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या शाळेचा पट रिकामा करायचा, हे माझ्यानं होईना.

आणखी एका गोष्टीनं मन पक्कं झालं. सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा त्या समितीनं करायचा. माझ्यासारख्या आईला कायद्यानं दिलेली ही खुर्ची विनाअनुदानित शाळेत नाही. तिथं फी पटली नाही तर पोर काढणं एवढंच माझ्या हातात उरतं, किंवा शिक्षक-पालक संघात फीवर बोलणं.

जूनमध्ये नाव घातलं. पालक सभेत समितीवर माझी निवड झाली. आधीच्या समितीचं इतिवृत्त बघायला मागितलं. पानापानावर "सर्वानुमते मंजूर" आणि खाली सह्या. बायकांना विचारलं तर कळलं, वही घरी यायची, भाकरी थापता थापता हात पुसून सही व्हायची. त्यांचा दोष नाही. बैठक सकाळी अकराला ठेवली तर शेतावर जाणारी बाई येणार कशी? पहिल्याच बैठकीत आम्ही वेळ बदलून संध्याकाळची घेतली, आणि शेतमजुरी करणारी एक आईही आली. ती काही बोलली नाही, पण शेवटपर्यंत बसली.

त्या बैठकीत तीन ठराव झाले. दर तीन महिन्यांनी प्रत्येक इयत्तेत किती मुलं वाक्य वाचतात, किती गोष्ट वाचतात, किती हातच्याची वजाबाकी करतात, हे पालकांसमोर मोजून सांगायचं, कुठल्याही मुलाचं नाव न घेता. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामांखेरीज शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावायला कायद्याच्या २७ व्या कलमानं बंदी आहे, त्याकडे लक्ष वेधणारं पत्र द्यायचं. आणि टोळी परत जाताना प्रत्येक मुलाच्या हाती त्याला काय येतं याची एक चिठ्ठी द्यायची, म्हणजे पुढच्या गावच्या गुरुजींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ही तिसरी सूचना बाईंची, आणि मला तीच सगळ्यात आवडली.

पहिल्या मोजणीत माझी लेक अक्षरांवरच आहे, वाक्यावर अजून आलेली नाही. नवरा रोज विचारतो. मार्चपर्यंत ती वाक्यावर यायला हवी, आणि नाही आली तर मी बाईंना विचारणार आहे, जसं इतर मुलांबद्दल विचारणार आहे तसंच. ३० सप्टेंबर जवळ आला आहे. वाडीतल्या दोन घरांतली मुलं अजून कुठल्याच पटावर नाहीत. उद्या दुकानाला सुट्टी आहे, तेव्हा त्यांच्या घरी जायचं ठरलंय. सोबत गुरुजी येणार आहेत, आणि बैठकीला आलेल्या त्या शेतमजूर बाईही येते म्हणाल्या.